विज्ञान प्रदर्शनासाठी हवेवर चालणारी जहाजी तोफ कशी करायची, आणि तीही बार न काढता

दरवर्षी प्रदर्शनाचा टाइम आला की आपल्याकडं ज्वालामुखी, पवनचक्की, ठिबक सिंचन आणि सिरिंजवर चालणारा जेसीबी हे चार मॉडेल ठरलेले असतेत, बेळगाव तालुका घ्या नाहीतर खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठंबी जावा. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर घालून फेस काढलेला व्हेसुव्हियस, म्हणजे इटलीतला तो ज्वालामुखी, तर परीक्षकांनी एवढ्यांदा बघितलेला असतोय की ते लांबूनच मान हलवून पुढं जातेत. तर या वर्षी व्हेसुव्हियसच करा, पण डोंगर नव्हे, जहाज. त्याच नावाचं अमेरिकन नेव्हीचं एक जहाज होतं आणि त्याच्यावर तीन तोफा होत्या ज्या दारूवर नव्हे तर दाबलेल्या हवेवर चालायच्या. मॉडेल कागद, पुठ्ठा, पाण्याची बाटली यांच्यावर होतंय, खर्च फार नाही, आणि सांगायला जी गोष्ट आहे ती ज्वालामुखीपेक्षा दसपट चांगली आहे. आठवी ते दहावीच्या पोरांना जमेल, घरातलं एक मोठं माणूस सोबत असू दे.

आधी गोष्ट समजून घ्या, कारण मॉडेल कितीही देखणं केलं तरी मार्क शेवटी "का" या प्रश्नाला पडतेत. नोबेलनं १८६७ ला डायनामाइटचं पेटंट घेतलं आणि नंतर १८७५ ला ब्लास्टिंग जिलेटिन काढलं. आपल्याकडं विहीर फोडायला ट्रॅक्टरचा कॉम्प्रेसर आणून भोकं मारतेत आणि जिलेटिन म्हणून कांड्या भरतेत ना, ते नाव तिथनंच आलंय. आता सगळ्या नेव्हींना वाटलं हे तोफेच्या गोळ्यात भरलं तर समोरच्या जहाजाचं काही शिल्लक राहणार नाही. पण अडचण अशी की तोफेत दारू पेटली की गोळ्याला पाठीमागनं जो दणका बसतोय त्या दणक्यानं जिलेटिनमधलं नायट्रोग्लिसरीन, म्हणजे त्यातलं मूळ स्फोटक, तिथंच, नळीतच फुटायची भीती, म्हणजे शत्रू राहिला बाजूला आणि आपलीच माणसं गेली. दुधानं काठोकाठ भरलेलं कॅन गाडीला बांधून निघालाय आणि क्लच झटक्यात सोडला तर काय होतंय माहीत आहे, तेच हळूहळू सोडला तर त्याच स्पीडला पोचता येतंय आणि दूध सांडत नाही. सगळी आयडिया एवढीच आहे. गोळ्याला झटका द्यायचा नाही, लांब नळीतनं शेवटपर्यंत सारखं ढकलत न्यायचं, आणि त्यासाठी दाबलेली हवा.

ही आयडिया मूळ ओहायोच्या मेफर्ड नावाच्या माणसाची, पण ती खरी उभी केली एडमंड झालिन्स्की नावाच्या पोलंडात जन्मलेल्या अमेरिकन तोफखान्याच्या अधिकाऱ्यानं. १८८७ ला न्यूयॉर्कच्या बंदरात त्यानं सिलिमन नावाचं एक जुनं शिडाचं जहाज या तोफेनं उडवून दाखवलं. मग फिलाडेल्फियाच्या क्रॅम्प कंपनीत व्हेसुव्हियस बांधलं, १८८८ ला पाण्यात सोडलं, १८९० ला नेव्हीत घेतलं. लांबी सुमारे ७७ मीटर, रुंदी ८ मीटर, म्हणजे अरुंद आणि पळणारं जहाज. पुढच्या बाजूला तीन नळ्या शेजारीशेजारी, प्रत्येकीचं तोंड १५ इंच म्हणजे ३८ सेंटीमीटर, लांबी ५५ फूट म्हणजे जवळजवळ १७ मीटर. एवढी लांब नळी डेकवर ठेवून फिरवणार कशी, म्हणून ती जहाजातच तिरकी बसवून टाकली, मागचं टोक खाली पोटात आणि पुढचे फक्त १५ फूट डेकच्या वर. कोन सुमारे १६ अंश, फिक्स. डावीउजवीकडं नेम धरायचा म्हणजे अख्खं जहाज फिरवायचं. हसू नका, खरंच तसंच होतं.

बरं नळी वरखाली होत नाही तर मग लांब-जवळ कसं मारायचं, तर हवा कमीजास्त सोडून. दाब सुमारे १००० पीएसआय (एका चौरस इंचावर किती पौंड ते माप), म्हणजे मोठ्या लॉरीच्या टायरात जी शंभर-सव्वाशे असतेय त्याच्या आठ-दहा पट. व्हॉल्व्ह किती वेळ उघडा ठेवला त्यावर गोळा २०० यार्डावर पडणार का दीड मैलावर ते ठरायचं. हे लक्षात ठेवा, कारण आपलं मॉडेल नेमकं हेच करून दाखवणार आहे.

आता सामान. ए-फोर कागद, एक साधी गोल पेन्सिल (षटकोनी नको), फेव्हिकॉल, जाड पुठ्ठा, ७५ सेंटीमीटर लांब आणि २० रुंद एक फळी किंवा प्लायचा तुकडा, एक लिटरची पातळ पाण्याची बाटली, तीही दोन-चार जास्तीच्या, गवंडी लोक लेव्हल बघायला वापरतेत ती पारदर्शक नळी दीडेक मीटर, एम-सील, थोडा कापूस, लोकर, टेप, आणि मोजायचा टेप. बहुतेक सगळं घरात नाहीतर शेजारी मिळतंय, नळी तेवढी हार्डवेअरच्या दुकानात. पण नळी आधी आणू नका. आधी कागदाची बॅरल, म्हणजे तोफेची नळी, करा आणि ती घेऊन दुकानात जावा, ज्या नळीत ती घट्ट बसतेय ती नळी घ्या. उलटं केलं तर हवा गळतेय आणि मग टेप गुंडाळत बसायचं.

बॅरल अशी करायची. ए-फोर कागदाची लांब बाजू पेन्सिलीला धरून गुंडाळायला सुरू करायचं, पहिला वेढा कोरडा, त्याच्यापुढं पातळ फेव्हिकॉल लावत लावत घट्ट गुंडाळत जायचं आणि शेवटी पेन्सिल फिरवत बाहेर ओढून काढायची. पेन्सिल नळीपेक्षा लहान आहे म्हणून अडकली वाटेल, पण दुसरी पेन्सिल एका टोकानं आत ढकलली की पहिली बाहेर येतेय. रात्रभर वाळू दे. आता गंमत बघा, पेन्सिल सात मिलीमीटरची, खरी नळी ३८० मिलीमीटरची, म्हणजे आपलं माप एकास ५४. खरी नळी १६.८ मीटर, तिला ५४ नं भागलं तर ३१ सेंटीमीटर, आणि ए-फोर कागद २९.७ चा. म्हणजे काहीही न कापता जवळजवळ अचूक स्केल मॉडेल मिळालं. ही गोष्ट परीक्षकाला सांगायला विसरू नका, स्केल म्हणजे नुसतं लहान केलेलं खेळणं नव्हे हे कळलंय असं दिसतंय त्यातनं. तीन बॅरल जहाजासाठी आणि आणखी तीन-चार प्रयोगासाठी करून ठेवा.

अख्खं जहाज या मापानं दीड मीटरच्या जवळ जाईल, रिक्षात बसणार नाही, म्हणून पुढचा अर्धा भागच करायचा, ७० सेंटीमीटर. तसंबी मागं बॉयलर आणि इंजिन, आपल्याला दाखवायचं ते सगळं पुढंच आहे. फळीवर पेन्सिलीनं जहाजाची आकृती काढा, मागं १५ सेंटीमीटर रुंद आणि पुढं निमुळतं होत टोकाला मिळणारं. भिंतीची उंची सात सेंटीमीटर ठेवा. डाव्या बाजूला पुठ्ठ्याची भिंत लावा आणि उजवी बाजू उघडी ठेवा, नाहीतर पारदर्शक प्लॅस्टिक शीट लावा, कारण लोकांना पोटातल्या नळ्या दिसल्या पाहिजेत, तीच तर मजा आहे. डेकच्या पुठ्ठ्याला टोकापासून २१ सेंटीमीटरवर तीन भोकं शेजारीशेजारी, लांबट आकाराची पाडा कारण नळी तिरकी येतेय. कोनमापक घेऊन डोकं खाजवायची गरज नाही, बॅरलचं मागचं टोक फळीपासून एक सेंटीमीटर वर आणि तोंड सव्वानऊ सेंटीमीटर वर ठेवलं की तीस सेंटीमीटरच्या नळीला सोळा अंश आपोआप येतेत. का येतेत ते त्रिकोणमितीचा धडा झालेला असेल तर स्वतः काढून बघा, साईन १६ म्हणजे ०.२७५६.

बॅरलचं मागचं टोक जिथं येतंय तिथं त्याच्यामागं एक गोल डबीसारखं काहीतरी करा, पुठ्ठ्याचा सिलिंडर, आणि त्यात गोळे उभे लावायला भोकं. खऱ्या जहाजात गोळे रिव्हॉल्व्हरच्या चक्रासारख्या फिरत्या मॅगझिनमध्ये ठेवायचे, एका तोफेला दहा, असे तीस. आपलं चक्र नुसतं दिसायला, फिरलं तर बोनस.

आता गोळा. पेन्सिलीपेक्षा थोडी बारीक काडी किंवा जुन्या बॉलपेनची रिफिल घ्या, तिच्यावर चार-पाच सेंटीमीटर रुंद कागदाची पट्टी गुंडाळा, बॅरलमध्ये सहज सरकेल पण खडखडणार नाही एवढी जाड. एक टोक कागद चिकटवून बंद करा, हे मागचं, ते उघडं राहिलं तर हवा गोळ्यातनंच आरपार जातेय आणि गोळा जागचा हलत नाही. पुढच्या टोकात हरभऱ्याच्या निम्म्याएवढी मातीची क्ले घाला आणि त्याच्यावर कापसाचं बोंड चिकटवा. मागच्या टोकाला लोकरीचे तीन धागे, बोटभर लांब. खऱ्या गोळ्याला मागं बारीक शेपूट आणि तिला तिरकी पाती असायची, कारण नळी आतनं गुळगुळीत होती, नेहमीच्या तोफेसारखे आटे नव्हते, म्हणून गोळा हवेत कोलांट्या मारू नये याची सोय शेपटीनं करायची. आपली लोकर तेच काम करतेय. टाचणी, खिळा, लाकडी काडी असलं काहीही गोळ्यात घालायचं नाही, कापूस म्हणजे कापूस.

हवेची बाजू. बाटलीच्या झाकणाला भोक पाडून त्यात लेव्हलची नळी घाला आणि दोन्ही बाजूनं एम-सील लावून तासभर सोडा. नळीचं दुसरं टोक बॅरलवर चढवायचं. तीन बॅरलला तीन बाटल्या करत बसू नका, एकच नळी काढून एकीवरनं दुसरीवर लावायची. बाटली जमिनीवर आडवी ठेवा, दोन बाजूला लाकडाचे तुकडे लावून घसरणार नाही असं करा, आणि वर एक बिजागरीची फळी, तिच्यावर एक किलो वाळूची पिशवी घट्ट बांधलेली. फळी उचलायची, सोडायची, बाटली दबतेय आणि गोळा सुटतोय. हातानं किंवा पायानं दाबून पण होतंय पण प्रत्येक वेळेस जोर वेगळा लागतोय, मग मोजमापाला अर्थ राहत नाही. फळीच्या बाजूला एक पट्टी उभी करून १०, २०, ३० सेंटीमीटरच्या खुणा करा. फळी दहावरनं सोडली तर कमी हवा-कमी दाब, तीसवरनं सोडली तर जास्त. हाच आपला व्हॉल्व्ह.

एकदा मारलं की बाटली चेमटतेय. नळी बॅरलपासून सोडवायची आणि मग नळीत फुंकून बाटली परत फुगवायची. बॅरलला किंवा गोळा भरलेल्या नळीला कधीच तोंड लावायचं नाही, आत ओढला तर गोळा घशात.

सेफ्टीचं इथंच सांगतो कारण मला माहीत आहे पुढं काय होणार आहे. बाटलीवर दोन-तीन गोळे उडाले की कुणाचातरी दादा येऊन म्हणणार, हे काय बारकं बारकं, आपल्या उद्यमबागेत, तिथल्या कारखान्यात, कॉम्प्रेसर आहे, पीव्हीसीचा पाइप लावू, मोठी करू, शिवजयंतीच्या चित्ररथावर ठेवू आणि गुलाल उडवू. नको. पीव्हीसी पाइप पाण्यासाठी असतोय. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळं पाण्याच्या पाइपला चीर गेली तर पाणी सांडतंय, बस. हवा मात्र दाबली की तिच्यात ताकद साठून राहतेय आणि पाइप फुटला की सगळी एकदम सुटतेय, पीव्हीसीचे सुरीसारखे तुकडे होऊन चहूकडं जातेत, आणि मिरवणुकीत चारी बाजूला माणसं असतेत. वर्कशॉपमध्ये काम केलेल्या कुणालाबी विचारा, एअर लाइनला पीव्हीसी लावत नाहीत ते का. सायकलचा पंपही नको, सोड्याची जाड बाटलीही नको. आणि कुकरच्या वाफेवर करू म्हणणाऱ्याला तर किचनच्या बाहेर काढा. आपल्या मॉडेलमध्ये मुद्दाम असं ठेवलंय की हवा साठत नाही, दाबली की लगेच निघून जातेय, त्यामुळं फुटायला काही शिल्लक राहत नाही. एवढं असूनही गोळा जाणाऱ्या बाजूला कुणी उभं राहायचं नाही, टार्गेट म्हणून जुनी चादर टांगायची, आणि मारणाऱ्याशिवाय दुसऱ्यानं फळीला हात लावायचा नाही. चष्मा असलेला बरा.

आता प्रयोग, इथं घाई करू नका कारण मॉडेलचा जीव इथं आहे. पहिला प्रयोग अंतराचा. मॉडेल जमिनीवर ठेवा, कोन तोच, गोळा तोच, फळी १०, २०, ३० वरनं प्रत्येकी पाच-पाच वेळा सोडा आणि गोळा जिथं पहिल्यांदा टेकतोय ते अंतर टेपनं मोजा, घसरत गेलेलं धरायचं नाही. पाच आकड्यांची सरासरी काढून तक्ता करा. कोन न बदलता नुसत्या हवेवर अंतर कसं बदलतंय ते लोकांना डोळ्यानं दिसतंय, आणि हीच व्हेसुव्हियसची पद्धत.

दुसरा प्रयोग मला जास्त आवडतोय. फळी वीसवर फिक्स ठेवा आणि बॅरल बदला, जास्तीच्या केल्या होत्या त्यातली एक दहा सेंटीमीटरला कापा, एक वीसला, एक पूर्ण तीसची. कोन तोच राहील असा छोटा स्टँड करून घ्या. आखूड नळीतनं गोळा लगेच बाहेर पडतोय, हवेचं ढकलणं अजून चालूच असतंय पण गोळा निघून गेलेला, म्हणून ती ताकद वाया. लांब नळीत ढकलायला जास्त वाव मिळतोय. अजून दोन कागद जोडून साठची करून बघायची असेल तर बघा, पण फार लांब केली की घासण आणि गळती वाढतेय आणि फायदा थांबतोय. १७ मीटरची नळी त्या लोकांनी हौस म्हणून केली नव्हती हे या तक्त्यातनं कळतंय.

गणित आवडणाऱ्यांसाठी एक जास्तीचं. हवेचा विरोध सोडून दिला आणि कोन १६ अंश धरला तर अंतर मीटरमध्ये घ्यायचं, त्याला १८.५ नं गुणायचं आणि वर्गमूळ काढायचं, तो सुटतानाचा वेग. समजा तुमचा गोळा ५ मीटर गेला तर वेग सेकंदाला ९.६ मीटर. व्हेसुव्हियसचा दीड मैल म्हणजे २४०० मीटर घेतलं तर वेग निघतोय २१० मीटरच्या आसपास. आता वेगाचा वर्ग भागिले नळीच्या लांबीची दुप्पट, म्हणजे त्वरण. व्हेसुव्हियसचं येतंय सुमारे १३२० मीटर प्रति सेकंद वर्ग, गुरुत्वाच्या १३५ पट. त्याच काळातली दारूवरची जहाजी तोफ घ्या, गोळ्याचा वेग ६०० मीटर आणि नळी साडेदहा मीटर धरली तर येतंय गुरुत्वाच्या साडेसतराशे पट, आणि हे नुसतं सरासरी, सुरुवातीचा दणका त्याच्याहून मोठा. तेरा पट फरक. जिलेटिन भरलेला गोळा एकात टिकायचा आणि दुसऱ्यात त्याचा भरवसा नव्हता, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. हे दोन आकडे पोस्टरवर मोठ्या अक्षरात लिहा, बाकी चित्रं थोडी लहान झाली तरी चालतंय.

पोस्टरचं म्हणाल तर आपल्या भागात एक गोष्ट आधीच करून ठेवा, मराठी मीडियमची शाळा असली तरी नावं आणि आकडे मराठी आणि कन्नड दोन्हीत लिहा. तालुक्याला चालून जातंय पण जिल्हा लेव्हलला परीक्षक कन्नडवाले पण असतेत, आणि "एष्ट दूर होगतैती?" म्हणजे किती लांब जातंय, असं विचारलं की गोंधळून सरांच्या तोंडाकडं बघण्यापेक्षा तक्त्यावर बोट ठेवलेलं बरं.

प्रश्न काय येतील ते पण बघून ठेवा. पहिला हमखास, "ही तोफ युद्धात वापरली काय?" वापरली. १८९८ ला स्पेन आणि अमेरिकेच्या युद्धात क्युबातल्या सांतियागोवर व्हेसुव्हियसनं जून-जुलैमध्ये आठ वेळा मारा केला, रात्रीचं किनाऱ्याजवळ यायचं, तीन गोळे सोडायचे आणि परत जायचं. दारू नाही म्हणून ना उजेड ना मोठा आवाज, किनाऱ्यावरच्या स्पॅनिश सैनिकांना गोळा पडेपर्यंत काही कळायचंच नाही. नुकसान फार झालं असं नाही, पण धसका बसला. दुसरा प्रश्न, "मग आता का नाही?" कारण पल्ला दीड मैल, त्यामुळं शत्रूच्या फार जवळ जावं लागतंय, अंगावर जाड चिलखत नाही, नेम धरायला जहाज फिरवा, आणि दुसरीकडं केमिस्ट लोकांनी तोवर खेळच बदलला. पिक्रिक ॲसिडसारखी दणका सहन करणारी स्फोटकं आली, बिनधुराची दारू आली, मग साध्या तोफेतनंच मोठा स्फोटक गोळा कितीतरी लांब जायला लागला. हवेच्या तोफेचं कारणच संपलं. माझ्या मते झालिन्स्कीचं डोकं काही चुकीचं चाललं नव्हतं, त्यानं सोडवलेला प्रश्न दुसऱ्यांनी वेगळ्या बाजूनं सोडवला एवढंच. व्हेसुव्हियसच्या तोफा काढून त्याला टॉर्पेडो टेस्ट करायचं जहाज केलं, आणि १९१५ ला त्यानं सोडलेला एक टॉर्पेडो गोल फिरून त्यालाच येऊन लागला. हे सांगितलं की परीक्षक हसतोयच.

"हवाच का, वाफ का नाही, जहाजात बॉयलर तर होताच की?" हा प्रश्न हुशार माणूस विचारतोय आणि त्याला नीट उत्तर द्या. वाफेच्या तोफा करून बघितल्या होत्या. जेकब पर्किन्स म्हणून एक अमेरिकन, लंडनला राहायचा, त्यानं १८२४ च्या सुमारास वाफेची बंदूक केली, गोळ्यांचा पाऊस पाडायची, ब्रिटिश सेनापती ड्यूक ऑफ वेलिंग्टनसमोर दाखवली पण सैन्यानं घेतली नाही. बॉयलर, कोळसा, पाणी घेऊन रणांगणात कोण फिरणार. तोच पर्किन्स पुढं १८३४ ला बर्फ करायच्या मशीनचं पेटंट घेऊन बसला, आजचा फ्रिज ज्या तत्त्वावर चालतोय त्याचं. वाफेचा दुसरा प्रॉब्लेम म्हणजे थंड नळीत शिरली की तिचं पाणी होतंय आणि दाब पडतोय, आणि नायट्रोग्लिसरीनच्या शेजारी एवढी गरम वाफ कोण नेणार.

वाफेचा हा प्रॉब्लेम दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश खलाश्यांनी स्वतः भोगला. १९४० ला इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये कॅम्बोर्न गावातल्या होल्मन ब्रदर्स कंपनीनं, ही मूळ खाणीतली ड्रिल आणि कॉम्प्रेसर करणारी कंपनी, जहाजांसाठी होल्मन प्रोजेक्टर नावाची एक साधी नळी केली. पत्र्याच्या डब्यात हातबॉम्ब घालायचा, नळीत टाकायचा, हवेनं वर फेकायचा, खाली आलेल्या विमानाच्या अंगावर. तोफा कमी होत्या म्हणून काहीतरी पाहिजे होतं. हवेच्या बाटल्यांवर ठीक चालायचं, पण वाफेच्या छोट्या जहाजांवर बॉयलरची वाफ लावली, आणि दाब कमी असला की बॉम्ब नळीतनं कसाबसा बाहेर येऊन शेजारीच पडायचा. चर्चिलला दाखवायच्या वेळेस बॉम्ब नव्हते म्हणून बिअरच्या बाटल्या उडवल्या होत्या, आणि खलाशी फावल्या वेळात बटाटे भरून शेजारच्या जहाजावर मारायचे. परीक्षकाला हा बटाट्याचा किस्सा सांगा, पण बटाटा मारून दाखवू नका.

तरीपण वाफ जहाजावरनं गेली नाही, तिनं फक्त गोळा सोडून विमान धरलं. आपल्या पहिल्या आयएनएस विक्रांतवर, १९६१ ला नेव्हीत आलेल्या, वाफेचा कॅटापल्ट होता. डेकखाली लांब सिलिंडर, त्यात पिस्टन, पिस्टनला विमान अडकवलेलं, वाफ सोडली की विमान डेकच्या टोकापर्यंत उडायच्या स्पीडला. ४ डिसेंबर १९७१ ला, आताच्या बांगलादेशातल्या कॉक्स बाजारवर हल्ल्याला गेलेली सी हॉक विमानं अशीच विक्रांतवरनं सुटली होती. इथं पण तेच, विमानाला एकदम झटका दिला तर ते मोडणार, म्हणून सगळ्या लांबीभर ढकलायचं. पाणबुडीतनं टॉर्पेडो बाहेर ढकलायला दाबलेली हवा वापरतेत ते पण याच घरातलं. पोस्टरच्या शेवटच्या रकान्यात हे लिहा म्हणजे मॉडेल जुन्या काळात अडकत नाही. जमलं तर सुट्टीत चोर्ला घाटातनं गोव्याला जाताना दाबोळीजवळच्या नेव्हल एव्हिएशन म्युझियममध्ये पोरांना घेऊन जावा, तिथं सी हॉक उभं आहे, फोटो काढा आणि पोस्टरला लावा. बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचं सेंटर असल्यानं आपल्या पोरांना पायदळ पाठ असतंय, नेव्ही मात्र पुस्तकातच राहतेय.

प्रदर्शनाला नेताना बॅरल काढून वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळ्या न्या, बसच्या गर्दीत पहिल्यांदा त्याच मोडतेत. बाटली दहा-पंधरा वेळा मारली की सुरकुतीवर चीर जातेय, म्हणून झाकण-नळी तीच ठेवून नुसती बाटली बदलायची, जास्तीच्या बाटल्या त्याच कंपनीच्या असू देत म्हणजे आटे जुळतेत. गोळे वीसेक करून न्या, कारण बघायला आलेली बारकी पोरं कापूस लागलेला एकबी गोळा परत देत नाहीत.